मेन स्विचच्या आधीची तार

प्रश्न : आमच्या घराचे नूतनीकरण चालू आहे. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांमधला दरवाजा रुंद करायचा आहे आणि नेमक्या त्याच भिंतीत विजेची मुख्य पेटी, म्हणजे एमसीबींचा डीबी, बसवलेला आहे. मीटर बाहेर, मुख्य दारालगत आहे. तिथून आताची पेटी साधारण चार मीटरवर आहे. ती पॅसेजच्या भिंतीवर न्यायची म्हटली तर अंतर दहा मीटर होईल. गवंडी म्हणतात, तारा कमी पडतील तिथे जोड देऊन, टेप गुंडाळून वर प्लास्टर करून टाकू. माझे धाकटे दीर घरातले स्विच, पंखे स्वतःच बसवतात. त्यांचे म्हणणे असे की मेन स्विच बंद केला की पेटीत वीजच राहत नाही, तेव्हा हे एका दुपारचे काम आहे, वायरमन कशाला. घर जुने आहे, तारा भिंतीतल्या पाइपांमधून गेलेल्या आहेत. बहुतेक पाइप पेटीत वरून येतात, तीन खालून. इन्व्हर्टरचीही एक तार पेटीत आलेली आहे. हे काम घरच्या घरी करावे का? जोड कसे द्यावेत? वीज किती वेळ बंद ठेवावी लागेल?

उत्तर : आपल्या दिरांच्या हातात कसब आहे याबद्दल मला शंका नाही, परंतु मेन स्विच बंद केल्यावर पेटीत वीज राहत नाही हे त्यांचे म्हणणे चुकीचे आहे, आणि पेटी हलवण्याच्या कामात ही चूक थेट जिवावर बेतणारी आहे. त्यामुळे जोडांकडे वळण्याआधी मला याच मुद्द्यावर थोडे रेंगाळावे लागेल.

वीज कंपनीची सर्व्हिस केबल प्रथम सील केलेल्या फ्यूजमध्ये येते, तिथून मीटरमध्ये जाते, आणि मीटरमधून निघालेल्या दोन जाड तारा आपल्या पेटीतल्या मेन स्विचच्या वरच्या टर्मिनलांना येऊन मिळतात. मेन स्विच बंद केला म्हणजे त्याच्या पुढचा भाग, म्हणजे बसबार (एमसीबींना वीज वाटणारी धातूची पट्टी), एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप तुटणारे स्विच) आणि घरभर गेलेली सर्किटे, विजेपासून तुटतात. वरची दोन टर्मिनले आणि त्यांना आलेल्या तारा मात्र जशाच्या तशा जिवंत राहतात. पंखा बसवताना किंवा स्विच बदलताना त्या तारांना हात लावण्याची वेळच येत नाही, म्हणून आपल्या दिरांचा नियम आजवर त्यांना बरोबर वाटत आला असणार. पेटी भिंतीतून काढायची म्हटली की सर्वात आधी सोडवायचे असतात ते नेमके हेच दोन स्क्रू.

तिथे हात लागला तर काय होईल हेही सांगून ठेवतो. ओलसर नसलेल्या माणसाच्या शरीराचा रोध ढोबळमानाने एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून साधारण २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. गळती, म्हणजे शरीरातून किंवा अर्थकडे निसटणारा प्रवाह, ओळखून पुरवठा तोडणारा घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला तुटण्यासाठी बनवलेला असतो, परंतु तो मेन स्विचच्या पुढे बसलेला असल्यामुळे त्याच्या आधीच्या तारेत काय चालले आहे हे त्याला कळतच नाही. मीटरआधीचा फ्यूज बऱ्याचदा ६०, ८० किंवा १०० अँपिअरचा असतो. त्याच्या लेखी पाव अँपिअरहूनही कमी असलेला हा प्रवाह म्हणजे एखादा दिवा लागल्यासारखा आहे. थोडक्यात, घरातल्या साऱ्या विद्युत मांडणीत जिथे माणसाला वाचवणारे कोणतेही साधन नसते अशी हीच एक जागा आहे.

आपण पत्रात जाता जाता इन्व्हर्टरचा उल्लेख केलात, याबद्दल आपले आभार मानले पाहिजेत, कारण दिरांच्या हिशेबात तो आलेला दिसत नाही. मेन स्विच बंद होताच इन्व्हर्टर वीज गेली असे समजतो आणि बॅटरीवरून पुरवठा सुरू करतो. म्हणजे ज्या क्षणी आपण घर मृत झाले असे मानतो, त्याच क्षणी दिवे-पंख्यांची सर्किटे दुसऱ्या बाजूने जिवंत होतात, तीही पूर्ण २३० व्होल्टने. शिवाय जुन्या घरांत इन्व्हर्टरचा न्यूट्रल पुष्कळदा मुख्य न्यूट्रलमध्येच मिसळलेला असतो, त्यामुळे काळी किंवा निळी तार म्हणून निर्धास्तपणे धरलेली तारही दगा देऊ शकते. काम सुरू होण्यापूर्वी इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लग काढावा आणि बॅटरीचे एक टोकही सोडवून ठेवावे. सौर पॅनेल किंवा जनित्र असलेल्या घरांनाही हेच लागू आहे.

वीज नाही याची खात्री खिशातल्या पेन्सिल टेस्टरवर करू नये. त्यातला निऑन दिवा उजेडात दिसत नाही, तो निकामी झाला तर तेही कळत नाही, आणि न्यूट्रलवर व्होल्टेज चढले असेल तर ते तो भरवशाने दाखवत नाही. दोन टोकांचा, व्होल्टेज मोजणारा टेस्टर आधी चालू असलेल्या जागी लावून तो चालतो हे पाहावे, मग फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्यांवर मोजावे, आणि शेवटी पुन्हा चालू जागी लावून तो मध्येच बिघडला नाही ना हे तपासावे. हा तिसरा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणून लोक तो गाळतात.

आता मेन स्विचच्या आधीची तार मृत कशी करायची हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर आपल्या किंवा आपल्या वायरमनच्या हातात नाही. मीटर आणि त्याआधीचा सील केलेला फ्यूज वीज कंपनीच्या ताब्यात असतो. ते सील तोडणे बेकायदा आहेच, पण घरात भार चालू असताना तो फ्यूज ओढला तर उडणारी ठिणगी तोंडावर येऊ शकते, हे त्याहून महत्त्वाचे. नियमांचे तपशील ठिकाणानुसार बदलतात, तरी बहुतेक ठिकाणी रीत अशीच असते की आधी परवानाधारक विद्युत कंत्राटदार नेमायचा, त्याच्यामार्फत वीज कंपनीला लेखी कळवायचे, आणि ठरलेल्या वेळी कंपनीच्या माणसाने पुरवठा तोडून द्यायचा. तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे देतो : हे काम घरच्या घरी करू नये. दिरांना करण्याजोगे यात बरेच आहे, त्याकडे पुढे येतोच.

कंपनीचा माणूस येईल त्या दिवशी एक गोष्ट करून घ्यावी, म्हणजे पुढचे सगळे सोपे होते. मीटरच्या अगदी शेजारी, हाताच्या अंतरावर, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा एक वेगळा स्विच, फ्यूजसह किंवा योग्य क्षमतेच्या दोन पोलच्या एमसीबीसह, स्वतंत्र बंद पेटीत बसवून घ्यावा. तो एकदा बसला की त्याच्या पुढची नवी केबल, नवी पेटी आणि घरातले सारे वायरिंग आपल्या वायरमनला बंद करता येते, त्यावर कुलूप लावता येते, आणि भविष्यात कधीही पेटीत काम निघाले तर कंपनीला बोलवावे लागत नाही.

या स्विचचे दुसरे कारण आपल्या दहा मीटरांत दडलेले आहे. मीटरपासून पेटीपर्यंतच्या तारांना आज केवळ कंपनीच्या मोठ्या फ्यूजचे संरक्षण आहे. त्या तारा आखूड असतील आणि उघड्यावर नीट दिसत असतील तर हे चालून जाते. त्याच तारा दहा मीटर लांब होऊन भिंतीतून, छताखालून जाऊ लागल्या की कुठेतरी खिळा ठोकला जाण्याची, कुठेतरी आवरण घासले जाण्याची शक्यता वाढते, आणि ती केबल भाजून निघाली तरी मोठा फ्यूज तुटायला वेळ लावू शकतो. म्हणून लांब केबलच्या मुळाशी, म्हणजे मीटरजवळ, तिच्या जाडीला साजेसे संरक्षण हवे. बऱ्याच वीज कंपन्या मीटर आणि पहिला स्विच यांमधल्या तारेच्या लांबीवर मर्यादा घालतात, त्याचे कारणही हेच आहे.

केबलच्या जाडीबद्दल आपण विचारलेले नाही, पण दुकानदार विचारेल. व्होल्टेज घटीची भीती बाळगू नये. १० चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला १.८३ ओहम असतो. जाऊन-येऊन वीस मीटरला तो सुमारे ०.०३७ ओहम होतो, आणि घराने ४० अँपिअर ओढले तरी घट दीड व्होल्टच्या आसपास, तार तापलेली असताना पावणेदोन व्होल्टपर्यंत राहते. १६ चौरस मिलिमीटरला ती एक व्होल्टच्या जवळपास येते. खरी अडचण उष्णतेची आहे : पाइपात घालून भिंतीत गाडलेली, इतर केबलींना चिकटून जाणारी किंवा छताच्या उष्ण पोकळीतून नेलेली केबल मोकळ्या हवेतल्या केबलइतका प्रवाह वाहू शकत नाही. म्हणून कंत्राटदाराने घराचा एकूण भार आणि केबलचा मार्ग असे दोन्ही पाहून जाडी ठरवावी, आणि मीटरजवळचा एमसीबी वा फ्यूज त्या मार्गावरील केबलच्या क्षमतेहून मोठा नसावा. आताची चार मीटरची केबल जोडून लांबवू नये. मीटरजवळच्या नव्या स्विचपासून पेटीपर्यंत अखंड एकच तुकडा टाकावा.

अर्थिंगची तार याच मार्गाने, केबलच्या सोबतच न्यावी. फेजची तार १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल तर अर्थची तार तितक्याच जाडीची घेणे हा साधा नियम आहे. जुन्या घरात अर्थची तार खड्ड्यातून थेट जुन्या पेटीत आलेली असते आणि पेटी हलली की ती बिचारी मागे राहते. घर पूर्वीसारखे उजळते, सगळे चालू होते, आणि अर्थ नाही हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पाण्याचे किंवा गॅसचे धातूचे नळ घरात येत असतील तर त्यांना अर्थशी जोडणारी तारही नव्या जागेपर्यंत यायला हवी. ती तांब्याची आणि किमान ६ चौरस मिलिमीटरची असावी.

पेटी पत्र्याची असेल तर आणखी एक बारकावा आहे, जो अनुभवी माणसेही कधीकधी विसरतात. फेज आणि न्यूट्रल या सुट्या तारा पत्र्याच्या एकाच भोकातून आत घ्याव्यात. दोघींना वेगवेगळी भोके दिली तर प्रत्येकीभोवतीच्या पत्र्यात चुंबकीय क्षेत्रामुळे प्रवाह फिरू लागतात आणि भोकाभोवतीचा पत्रा विनाकारण तापत राहतो. भोकाच्या कडेला रबरी किंवा प्लास्टिकचा ग्लँड हवा, नाहीतर पत्र्याची धार वर्षानुवर्षे आवरण कापत राहते.

पॅसेजची जागा मला पत्रावरून योग्य वाटते, तरी आरेखन हाती घेऊन दोन-तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर असेल तर भिंतीत पाण्याचा नळ कुठून जातो, ओल कुठवर येते, हे भिंत कोरायच्या आधी कळले पाहिजे. पेटीवर कपाट बांधून तिच्यासमोर कपडे, चादरी किंवा कागद रचणे टाळावे. दार पूर्ण उघडेल आणि समोर माणूस ताठ उभा राहू शकेल एवढी मोकळी जागा राहावी, आणि अंधारात हात वर करून, चाचपत, स्टूल न घेता मेन स्विचपर्यंत पोहोचता आले पाहिजे. शोभेसाठी पेटी दाराच्या वर, छताला टेकवून बसवण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मुळीच आवडत नाही.

आता जोडांविषयी. आपल्या गवंड्यांचा बेत, म्हणजे तार पिळून, टेप गुंडाळून वर प्लास्टर करणे, या साऱ्या कामातली दुसरी मोठी चूक ठरेल. पिळलेला जोड पहिल्या दिवशी उत्तम चालतो. पुढे तांबे दर वेळी तापताना फुगते, गार होताना आकसते, टेपचा डिंक सुकतो, हवा आत शिरते, तांब्यावर काळपट थर चढतो आणि जोडाचा रोध हळूहळू वाढतो. तो ०.१ ओहम झाला असे धरू, जो साध्या मल्टिमीटरवर धड दिसणारही नाही. तीन हजार वॉटचा गीझर १३ अँपिअर ओढतो; १३ गुणिले १३ गुणिले ०.१, म्हणजे जवळजवळ १७ वॉट उष्णता त्या एका गाठीत साठू लागते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या लहान सोल्डरिंग आयर्नची ताकद एवढीच असते, आणि ते आयर्न आपण भिंतीत, प्लास्टिकच्या पाइपात ठेवून वर प्लास्टर केलेले असते. एमसीबीच्या दृष्टीने सर्किटातला प्रवाह १३ अँपिअरच, म्हणजे अगदी नेहमीचा. गळती नाही म्हणून आरसीसीबीही स्वस्थ. दोन्ही साधने ठणठणीत असूनही ही आग त्यांना दिसत नाही.

असा एक जोड मी स्वतःच्या जुन्या घरात पाहिला आहे. गीझर चालू केल्यावर अर्ध्या तासाने न्हाणीघराबाहेरच्या भिंतीपाशी मासळीसारखा वास यायचा आणि आम्ही आठवडाभर स्वयंपाकघराचा कोपरान्‌कोपरा धुवून काढला. शेवटी सहज तळहात टेकवला तर भिंतीचा विताएवढा भाग कोमट लागला. प्लास्टर फोडल्यावर आत टेपऐवजी हात लावताच चुरा होणारे काळे कवच निघाले, तारेचे आवरण चार बोटे मागेपर्यंत वितळून पाइपाला चिकटले होते. तापलेल्या प्लास्टिकला आणि स्विचच्या साहित्याला असा मासळीसारखा वास येतो हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

आपल्या घरात मात्र एक मोठी सोय आहे, ती म्हणजे पाइप. तारा प्लास्टरमध्ये थेट गाडलेल्या असत्या तर जोड टाळता आले नसते; पाइपात असल्यामुळे जुनी तार ओढून काढताना तिच्याच टोकाला नवी, लांब तार बांधून आत खेचता येते. म्हणून जोड कसे द्यावेत या आपल्या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर असे की शक्यतो देऊच नयेत. वरून येणाऱ्या पाइपांना छतालगत वळवून पॅसेजपर्यंत नवे पाइप जोडावेत आणि प्रत्येक सर्किटाची पहिल्या बॉक्सपर्यंतची तार अखंड नवी टाकावी. घर जुने आहे म्हणता, तर जुन्या तारांचे आवरण तडकले असण्याची शक्यताही आहेच, आणि भिंती फोडलेल्या असताना तारा बदलण्याचा खर्च पुन्हा कधी इतका कमी येणार नाही.

काही पाइप दबलेले निघतील, तार ओढली जाणार नाही. तेवढ्यापुरता जोड द्यावा लागला तर तो छतालगत, झाकण असलेल्या जंक्शन बॉक्समध्ये, तारेच्या जाडीला आणि प्रवाहाला साजेशा टर्मिनलवर किंवा योग्य हत्याराने दाबलेल्या स्लीव्हमध्ये, म्हणजे धातूच्या लहान नळीत, द्यावा. स्क्रूचा जोड कधीच कायमचा गाडायचा नसतो. झाकण स्क्रूने उघडता आले पाहिजे आणि त्यावर प्लास्टर, टाइल किंवा वॉलपेपर चढता कामा नये. जुन्या तारा ॲल्युमिनियमच्या निघाल्या तर त्यांचा तांब्याशी थेट जोड मुळीच देऊ नये. तांब्याला चिकटलेले ॲल्युमिनियम ओलाव्यात गंजत जाते आणि स्क्रूखाली हळूहळू सैल पडते. त्यासाठी दोन्ही धातूंसाठी बनवलेले खास कनेक्टर मिळतात, तरी अशा तारा पूर्णपणे बदलणेच शहाणपणाचे.

खालून येणाऱ्या तीन पाइपांचा प्रश्न वेगळा आहे. ज्या भिंतीतून ते वर चढतात तीच भिंत दरवाज्यासाठी जाणार, म्हणजे त्यांना वळवायला आधारच उरत नाही. ही तीन सर्किटे कोणती हे आधी शोधावे. बहुधा ती स्वयंपाकघरातल्या ओट्याची किंवा जड उपकरणांची असतील, आणि त्यांना वरूनच संपूर्ण नवा मार्ग द्यावा लागेल. आपले अंदाजपत्रक याच तीन पाइपांमुळे वाढणार आहे, हे आधीच ध्यानात ठेवावे. त्यांच्या जुन्या तारा जमिनीखाली तशाच सोडल्या तर दोन्ही टोके सर्किटापासून तोडलेली आहेत याची नोंद ठेवावी.

सर्किटे लांबल्यामुळे आणखी एक परिणाम होतो. शॉर्ट झाल्यावर एमसीबी क्षणात तुटायला मोठा प्रवाह लागतो : बी प्रकारच्या १६ अँपिअरच्या एमसीबीला तो हमखास तुटण्यासाठी ८० अँपिअर, सी प्रकाराला १६० अँपिअर. तार जितकी लांब आणि बारीक, तितका हा प्रवाह कमी. २.५ चौरस मिलिमीटरची तार सहा मीटरने वाढली तर जाऊन-येऊन ०.०९ ओहमची भर पडते, जी सहसा चालते. पण पूर्वीच लांब असलेल्या, दीड किंवा एक चौरस मिलिमीटरच्या सर्किटांत ती निर्णायक ठरू शकते. कंत्राटदाराने प्रत्येक सर्किटाच्या शेवटच्या टोकाला फॉल्ट लूपचा, म्हणजे शॉर्टचा प्रवाह ज्या पूर्ण वाटेने फिरतो तिचा, रोध मोजून द्यावा अशी मागणी आपण आधीच करून ठेवावी.

नवी पेटी घ्यायचीच असेल तर आताच्या गरजेपेक्षा तीन-चार एमसीबींची जागा जास्त असलेली घ्यावी आणि आतली सर्व साधने एकाच कंपनीची घ्यावीत, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या एमसीबींची टर्मिनले बसबारवर नीट बसतीलच असे नसते. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा हवा. मीटरजवळच्या नव्या स्विचमध्ये गळतीचे संरक्षण घालायचे ठरले तर तिथे दुसरा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घालू नये. एका गळतीला दोन्ही एकदम तुटतील आणि दोष कुठे आहे ते कळणार नाही. तिथे १०० मिलिअँपिअरचा, उशिरा तुटणारा प्रकार वापरतात.

दोन आरसीसीबी असलेली पेटी घेणार असाल तर न्यूट्रलची शिस्त फार कडक पाळावी लागते. पहिल्या आरसीसीबीवरच्या सर्किटाचा न्यूट्रल चुकून दुसऱ्याच्या न्यूट्रल पट्टीवर गेला, तर दिवा लावताच दोन्ही आरसीसीबी तुटतात आणि वायरमन दोन दिवस खोटी गळती शोधत बसतो. हे टाळण्याचा उपाय साधा आहे, आणि इथेच आपल्या दिरांचे काम सुरू होते. पुरवठा तोडण्याच्या आठवडाभर आधी त्यांनी एकेक एमसीबी बंद करून कोणते दिवे, कोणते सॉकेट जातात याचा घराच्या आराखड्यावर नकाशा करावा. पुरवठा तोडल्यावर, एकही तार सोडण्याआधी, वायरमनच्या देखरेखीखाली प्रत्येक सर्किटाच्या फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तिन्ही तारांना एकच क्रमांक चिकटवावा आणि पेटीचे जवळून भरपूर फोटो काढावेत. रंगांवर विसंबू नये. जुन्या घरांत लाल-काळा-हिरवा, नव्या पद्धतीत तपकिरी-निळा-हिरवापिवळा, आणि मध्ये कधीतरी कुणी हाताशी होती ती तार वापरलेली, असे सगळे एकाच पेटीत सापडते.

खाचा मारणे, पाइप आणि बॉक्स बसवणे, पेटीचा साचा भिंतीत घट्ट करणे हेही दिरांनी खुशाल करावे. खाचा सरळ उभ्या किंवा आडव्याच असाव्यात. तिरकी खाच मारून तार वाचते खरी, पण पाच वर्षांनी फोटो लावताना तिथून तार जाते हे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. भार पेलणाऱ्या भिंतीत लांब आडवी खाच मारण्याआधी मात्र बांधकामाच्या जाणकाराला विचारावे.

टर्मिनले घट्ट करणे या कामाला लोक फार कमी महत्त्व देतात. बारीक तंतूंच्या तारेला टोपण, म्हणजे फेरूल किंवा लग, दाबून मगच ती स्क्रूखाली घालावी. तंतू एकत्र राहावेत म्हणून टोकाला डाक (सोल्डर) लावू नये, कारण डाक दाबाखाली हळूहळू पसरतो आणि स्क्रू सैल होतो. चांगल्या साधनांवर किती घट्ट करायचे हे न्यूटन-मीटरमध्ये छापलेले असते आणि त्या मापाचा स्क्रूड्रायव्हर मिळतो. कंत्राटदाराकडे तो आहे का हे सहज विचारून पाहावे. उत्तरावरून माणूस कळतो.

काम झाल्यावर दिवे लागले म्हणजे तपासणी झाली असे समजू नये. वीज सोडण्याआधी अर्थच्या तारेची सलगता प्रत्येक सॉकेटपर्यंत मोजावी, आणि सर्व उपकरणे, विशेषतः इलेक्ट्रॉनिक वस्तू काढून ५०० व्होल्ट डीसीच्या मेगरने, म्हणजे तारेच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, इन्सुलेशन मोजावे. किमान मर्यादा १ मेगाओहम आहे, परंतु नव्या तारांचे वाचन शेकडो मेगाओहम येते. एखादे सर्किट दोन-तीन मेगाओहम दाखवत असेल तर ते नियमात बसले तरी त्यात कुठेतरी ओल किंवा तडकलेले आवरण आहे असे समजून ते शोधावे. वीज आल्यावर फेज-न्यूट्रल उलटे झाले नाहीत ना हे पाहावे, आणि ३० मिलिअँपिअर गळती सोडून आरसीसीबी ३०० मिलिसेकंदांच्या आत तुटतो हे यंत्राने मोजावे. त्यावरचे टेस्ट बटण दाबल्याने यंत्रणा हलते एवढेच कळते. घराचे अर्थिंग ठीक आहे की नाही हे ते बटण सांगत नाही. ही सारी मोजमापे सर्किटवार लिहिलेला, सही केलेला कागद हाती आल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा.

वेळेचे म्हणाल तर खाचा, पाइप, नवी पेटी आणि मीटरपासूनची नवी केबल हे सगळे जुनी पेटी चालू असतानाच तयार होऊ शकते. कंपनीच्या पहिल्या भेटीत मीटरजवळचा स्विच बसून जुना पुरवठा त्यातून पूर्ववत सुरू करून घ्यावा. त्याला एखाददोन तास लागतील. सर्किटे नव्या पेटीत नेण्याच्या दिवशी घर सकाळपासून अंधारात जाईल आणि आपले घर जुने असल्यामुळे दोन दिवस धरून चालावे. फ्रिज त्याआधी रिकामा करावा. दिवेलागणीपर्यंत काहीतरी चालू व्हावे म्हणून शेवटच्या घाईत उघड्या तारांवर तात्पुरती जोडणी करून घेण्याचा आग्रह धरू नये.

आणि गवंड्यांना आजच सांगून ठेवावे की नवी पेटी चालू होऊन तिच्या चाचण्यांचा कागद येईपर्यंत, आणि जुन्या पेटीत आलेली मीटरची केबल कंत्राटदाराने स्वतः मीटरजवळच्या नव्या स्विचपाशी सोडवून, मोजून मृत असल्याचे दाखवीपर्यंत, त्या भिंतीवर छिन्नी लावायची नाही. दरवाज्याची चौकट तोवर दुसरीकडे उभी राहू द्यावी.